तळ्याकाठचे बिनकुलपाचे घर



ज्या घराला कुलूप नाही, राखणदार नाही आणि मुक्कामाचे भाडेही नाही, अशा एका घराची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे. घर लाकडी, एकाच खोलीचे. समोर तळे, मागे अरण्य. विजेची तार तिथवर गेलेली नाही, पाण्याचा नळ नाही. मोटारीच्या रस्त्यापासून ते सुमारे तीस किलोमीटर आत आहे. तरी वर्षानुवर्षे लोक तिथे येतात, रात्र काढतात आणि पुढे निघून जातात. त्यांच्या मागे राहते ती झाडलेली जमीन आणि चुलीशेजारी रचलेले कोरडे सरपण. हे कसे चालते, ते आपण पाहू.

हे घर फिनलंड देशातले. नकाशा काढलात तर युरोपच्या अगदी उत्तरेला, स्वीडन आणि रशिया यांच्यामध्ये हा देश सापडेल. आकाराने तो आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठाच आहे. पण वस्ती अवघी छप्पन्न लाखांच्या आसपास, म्हणजे एका मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. जमिनीचा जवळजवळ पाऊण हिस्सा जंगलाने व्यापलेला. आणि तळी किती म्हणाल? लहानमोठी सगळी धरून १,८८,००० च्या घरात! त्या देशाचा उत्तर भाग म्हणजे लॅपलंड. तिथे १९८३ साली एक मोठे राष्ट्रीय उद्यान झाले. फिनलंडचे फार वर्षे राष्ट्राध्यक्ष असलेले उर्हो केक्कोनेन यांचे नाव त्याला दिलेले आहे. या उद्यानाच्या पोटात लुइरोयार्वी नावाचे तळे आहे. 'यार्वी' म्हणजेच तळे. त्याच्या बाजूला सोकोस्ती नावाचा ७१८ मीटर उंचीचा बोडका डोंगर उभा आहे. या तळ्याच्या काठी आपले हे घर आहे.

अशी घरे तिकडे एकदोन नव्हेत, शेकड्यांनी आहेत. त्यांना फिनिश भाषेत 'औतिओतुपा' म्हणतात. शब्दशः अर्थ केला तर 'ओसाड खोली'. पण नावावर जाऊ नका. ओसाड म्हणजे इतकेच, की तिथे कायम राहणारे कोणी नाही. पूर्वी शिकारी, मासे धरणारे, रेनडिअरचे कळप राखणारे आणि सरहद्दीवरचे शिपाई अशा खोल्यांतून आसरा घेत. आज बहुतेक खोल्यांची देखभाल तिथले सरकारी वनखाते करते, आणि पायी हिंडणारा कोणीही वाटसरू तिथे उतरू शकतो.

आता असे समजा, की मार्च महिन्यातल्या एका संध्याकाळी तुम्ही तिथे पोचला आहात. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून, बर्फावरून घसरत घसरत तुम्ही दोन दिवस वाट तुडवली आहे. उष्णता शून्याखाली पंचवीस अंश. ही काही तिथली थंडीची हद्द नव्हे, बरं का. १९९९ सालच्या जानेवारीत लॅपलंडमधल्या एका गावी पारा शून्याखाली ५१.५ अंशांवर उतरला होता. तुमची बोटे बधिर झाली आहेत. मुठीत काडेपेटी धरवत नाही. घामाने आतला सदरा ओला झाला आहे, आणि चालणे थांबताच तो ओलावा अंगाला डसू लागला आहे.

तुम्ही दार ढकलता. दार उघडते.

आत अंधार आहे, पण वारा नाही. भिंती आडव्या ओंडक्यांच्या, एकावर एक रचलेल्या. फटी शेवाळ्याने बुजवलेल्या. एका बाजूला फळ्यांचा रुंद ओटा, त्यावर सगळ्यांनी ओळीने निजायचे. एक मेज, एक बाक, आणि कोपऱ्यात लोखंडी चूल. त्या चुलीपाशी तुमची नजर जाते. तिथे बारीक चिरलेल्या चिपाट्या, त्यांच्या शेजारी बर्च झाडाची साल, आणि हाताशी चारदोन कोरडी लाकडे नीट मांडून ठेवलेली असतात. बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी पोथ्या लिहीत, त्याच जातीचे झाड. त्याच्या सालीत तेलाचा अंश असतो, म्हणून ती ओलसर असली तरी भुरकन पेटते. बधिर बोटांनी तुम्ही एक काडी ओढता. साल पेट घेते, चिपाट्या तडतडतात. अर्ध्या तासात खोलीत धग येते.

ही चिपाटी कोणी चिरून ठेवली? तुमच्या आधी तिथे राहून गेलेल्या माणसाने. त्याने तुम्हांला पाहिलेले नाही. तुमचे नाव, गाव, भाषा, धर्म यांतले त्याला काही ठाऊक नाही. त्याला एवढेच ठाऊक होते, की आपल्यानंतर कोणीतरी येईल आणि कदाचित त्याच्या हातांत कुऱ्हाड धरण्याचेही त्राण नसेल. ऊब अंगात असताना त्याने दहा मिनिटे खर्च केली. तेवढीच दहा मिनिटे गारठलेल्या माणसाला जिवाइतकी महाग पडली असती.

या घराचा हा पहिला नियम: निघण्यापूर्वी पुढच्या माणसासाठी सरपण तयार ठेवायचे.

दुसरा नियम ऐकून तुम्हांला थोडे नवल वाटेल. आपल्याकडे एस. टी.त काय किंवा धर्मशाळेत काय, जो आधी आला त्याचा हक्क मोठा. रुमाल टाकला की जागा आपली! या तळ्याकाठच्या घरात मात्र जो सर्वांत शेवटी आला, त्याचा हक्क सर्वांत मोठा. खोली भरलेली असली आणि रात्री उशिरा दारात एखादा थकलेला वाटसरू उभा राहिला, तर त्याला 'जागा नाही' असे म्हणता येत नाही. सरकून जागा करायची. तरीही मावत नसेल, तर जो आधी आला, ज्याने खाल्ले, ज्याचे कपडे वाळले, ज्याची पाठ टेकून झाली, त्याने उठायचे आणि बाहेर तंबू ठोकायचा किंवा पुढची वाट धरायची.

पहिल्याने उठायचे, हा उलटा न्याय वाटतो खरा. पण विचार करून पाहा. आधी आलेल्याला घराने जे द्यायचे ते देऊन झालेले आहे. शेवटी आलेल्याला अजून काहीच मिळालेले नाही, आणि बाहेर रात्र आहे. हक्क गरजेकडे पाहून ठरला, घड्याळाकडे पाहून नव्हे. म्हणूनच अशा खोलीत मुक्काम एकदोन रात्रींचाच करायचा असतो. पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनी ती अडवून ठेवायची नसते. ज्यांना जागेची खात्री हवी असेल त्यांच्यासाठी भाड्याच्या आणि किल्लीच्या खोल्या निराळ्या आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे मेजावरची वही. त्या वहीत आपले नाव, कोठून आलो, उद्या कोणत्या दिशेने जाणार, हे लिहायचे. अरण्यात मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. कोणी वाट चुकला, तर शोधायला निघालेली माणसे आधी या वह्या उघडतात. दोन ओळींची नोंद, पण तिच्यामुळे शोधाची दिशा ठरते. शाळेतल्या हजेरीपटाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना गुरुजींनी ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता चुलीसंबंधी एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती आपल्याही उपयोगाची आहे. धुराड्यात एक झडप असते. ऊब वाया जाऊ नये म्हणून विस्तव विझल्यावर ती लावतात. पण निखारे जिवंत असताना झडप लावली, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू खोलीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाचे डोके जड होते, झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. म्हणून शेवटचा निखारा काळा पडल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडेही कडाक्याच्या थंडीत दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन निजल्याने घरेच्या घरे दगावतात. विस्तव घरात असेल तर हवेला वाट हवीच, हे घरातल्या लहानथोरांना पक्के ठाऊक पाहिजे.

सकाळी पाणी हवे. तळे तर दगडासारखे गोठलेले! पण बर्फाला भोक पाडले, की खाली पाणी असते, आणि त्या पाण्यात मासे पोहत असतात. हे कसे? शिक्षकबंधुभगिनींना वर्गात सांगण्याजोगी ही मौज आहे. बहुतेक पदार्थ थंड होता होता आकसतात आणि जड होतात. पाणीही तसेच वागते, पण फक्त चार अंशांपर्यंत. त्याहून थंड झाले की ते उलट फुगू लागते, हलके होते आणि वर येते. म्हणून तळे वरून गोठते. वर बर्फाचे पांघरूण, आणि तळाशी चार अंशांचे पाणी. पाणी इतर पदार्थांसारखे वागले असते, तर तळे तळापासून गोठत आले असते आणि एक मासाही वाचला नसता. पेल्यात बर्फाचा खडा तरंगतो, त्यात हे सगळे रहस्य साठवलेले आहे.

त्या बर्फावरून चालतानाही अक्कल लागते. एका माणसाला निदान पाच सेंटिमीटर जाडीचे टणक बर्फ पाहिजे. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे ते पातळ असते, तिकडे फिरकायचे नाही. जाणती माणसे टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी दोरीने गळ्यात अडकवून चालतात. पाय आत गेलाच, तर ते खिळे बर्फात रोवून स्वतःला वर ओढून काढता येते.

उन्हाळ्यात हेच ठिकाण निराळे होऊन जाते. जूनमध्ये सूर्य रात्रीही मावळत नाही. मध्यरात्री उघड्यावर बसून वही वाचता येते. ऑगस्टमध्ये जंगलात आंबटगोड फळांचे झुडपी मळे पिकतात. जमीन कोणाचीही असो, ती फळे खुडून खाण्याचा आणि त्या रानातून पायी जाण्याचा हक्क तिथे सर्वांना आहे. मात्र मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत उघड्यावर जाळ करता येत नाही. हक्क मोठा, तशी त्याची मर्यादाही स्पष्ट. आणि हो, सगळे सुखच आहे असे समजू नका. जुलैत डासांचे असे थवे उठतात, की रेनडिअरसुद्धा त्यांना कंटाळून वाऱ्याच्या उंच डोंगरावर पळ काढतात!

तळ्याचे पाणी उकळून प्यायचे. भांडी तळ्यात धुवायची नाहीत; पाणी दूर नेऊन तिकडे धुवायची. आपला कचरा आपल्या पिशवीत घालून परत न्यायचा. जागोजागी 'येथे घाण करू नये' अशा पाट्या आणि त्यांच्याच खाली ढीग, असा प्रकार तिथे चालण्याजोगा नाही; कारण झाडायला कोणी येणारच नसते. शेवटचा झाडू मारणारा माणूस तुम्हीच.

आता तुम्ही विचाराल, की सगळेच लोक हे पाळतात काय? नाही हो. माणसे तिथेही माणसेच आहेत. भसाभस सरपण जाळणारे आहेत, भिंतीवर नावे कोरणारे आहेत, उरलेले खाणे टाकून जाणारे आहेत. आणि फुकट म्हटले तरी खर्च कोणाला तरी पडतोच. छप्पर शाकारावे लागते, लाकूड दुरून वाहून आणून ठेवावे लागते. तो पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांकडूनच येतो. पण दाराला कुलूप मात्र लावलेले नाही. कारण कुलूप लावले, की दहा उधळ्यांबरोबर तो एक गारठलेला माणूसही बाहेरच राहील. त्या एकासाठी तर घर बांधले!

मंडळी, आपल्याकडे धर्मशाळा होत्या, पाणपोया होत्या, वाटसरूसाठी झाडाखाली बांधलेले पार आजही आहेत. ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपले गाडे अडते ते दुसरीकडे. गावाची विहीर, शाळेची खोली, वाचनालयातले पुस्तक यांना आपण 'सार्वजनिक' म्हणतो, आणि सार्वजनिक म्हणजे कोणाचेच नाही असे धरून चालतो. त्या तळ्याकाठी सार्वजनिकचा अर्थ एका साध्या वाक्यात सांगता येतो: जे माझ्यानंतर येणाऱ्याचे आहे, ते सार्वजनिक.

हा अर्थ शाळेत शिकवायला फिनलंडला जावे लागत नाही. संध्याकाळी वर्ग सुटताना फळा पुसून, खडू जागेवर ठेवून, माठ भरून झाकून ठेवणारे मूल उद्या सकाळी पहिल्याने येणाऱ्यासाठी चिपाटीच चिरून ठेवत असते. गुरुजी, बाई, या कामाची रोज पाळी लावा. पण पाळी कशासाठी, तेही एकदा मुलांना सांगा. आणि घरी ऐकणाऱ्या शेतकरी बंधूंनो, पंपाच्या खोलीत, चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर निघताना एकवार मागे वळून पाहा. आपल्यानंतर जो येणार, त्याला तिथे काय सापडेल?