झाडीपट्टीचं गाणं, मोबाईलवर



दिवाळी झाली, की पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत, वडशात नाटकांचा हंगाम सुरू होतो.
रात्री पडदा उघडतो…
आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं.

त्यातलंच एखादं गाणं मनात घोळत राहतं.
मग हात मोबाईलकडे जातो.

नुसतं ‘मराठी गाणी’ असं शोधलंत, तर मुंबई-पुण्याचीच गाणी पुढ्यात येतात.
म्हणून आधी ‘झाडीपट्टी’ हा शब्द घाला.
त्याला इथल्या लोकनाट्याचं नाव जोडा… ‘दंडार’ किंवा ‘खडीगंमत’.
कलावंताचं नाव ठाऊक असेल, तर तेही.
जसं, परशुराम खुणे.
२०२३ साली पद्मश्री मिळालेले आपले नट.

टाईप करायचा कंटाळा येतो?
माईकच्या चित्रावर बोट ठेवा, आणि बोला.

आता गंमत ऐका.
गाणं मोबाईलमध्ये एकदम येत नाही.
तुकड्या-तुकड्यानं येतं.
पुढचा तुकडा पोचला नाही…
की गोल चक्र फिरत बसतं.
कुरखेड्याकडे जाताना जंगलात रेंज गेली, की हेच होतं.

म्हणून घरून निघण्याआधी गाणं डाउनलोड करा.
काही ॲपमध्ये ही सोय फुकट असते, काहींत पैसे पडतात.
पुन्हा सांगते…
निघण्याआधी डाउनलोड.

नुसतं ऐकायचंय, तर व्हिडिओ कशाला?
चित्रालाच जास्त डेटा लागतो.
व्हिडिओच लावायचा असेल, तर त्याची क्वालिटी कमी करून बघा.

लागलं गाणं?
मग आवाज जरा बेतानं.
शेजारी रात्रभर नाटक बघून…
आत्ताच कुठे झोपला असेल.