पोरक्या करडास दूध कोणतें?

शेळीस दोन करडें होणें ही सामान्य गोष्ट आहे. उस्मानाबादी शेळीस तर कधीं कधीं तीनहि होतात. सड मात्र दोनच. तेव्हां तिसरें, बहुधा दुबळें, करडूं मागें पडतें. कधीं शेळीच दगावते, किंवा तिची कांस सुजते. मग बाटली हातीं घेणें भाग पडतें, आणि प्रश्न उभा राहतो तो हा कीं, दूध कोणतें पाजावें?

याच्याहि आधींचा प्रश्न चिकाचा आहे. मनुष्याच्या अर्भकास रोगाशीं झगडणारीं द्रव्यें कांहीं अंशीं गर्भांतच मिळतात. करडास तीं जवळ जवळ मिळतच नाहींत. तीं चिकांतूनच यावयाचीं, आणि करडाचें आंतडें तीं शोषून घेतें तें सुमारें पहिले २४ तासच. त्यांतहि पहिले कांहीं तास विशेष मोलाचे. त्या अवधींत वजनाच्या दशांशाइतका चीक, म्हणजे दोन किलोच्या करडास सुमारें २०० मिलिलिटर, चार पांच वेळां विभागून पोटांत गेला पाहिजे. आईचा नसेल तर दुसऱ्या नुकत्याच व्यालेल्या शेळीचा, तोहि नसेल तर गाईचा चालतो. तो उकळूं मात्र नये. कढत आंचेनें चीक थिजतो, हें खरवस करणाऱ्या गृहिणीस सांगावयास नको. त्याच आंचेनें तीं रक्षक द्रव्येंहि नष्ट होतात. भांडें गरम पाण्यांत ठेवून ऊब द्यावी.

पुढें शेळीचेंच दूध उत्तम. तें नसल्यास गाईचें निर्भेळ, सायीसकट दूध तापवून द्यावें. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश सुमारें सात टक्के, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळ जवळ दुप्पट असतो. तें तान्ह्या करडास जड जाण्याचा संभव असतो. घरीं तेंच असेल तर वरची थोडी साय काढावी व थोडें थोडें, अधिक वेळां पाजावें. उलट, पूर्ण साय काढलेल्या किंवा पाणी घातलेल्या दुधानें पोट भरतें, पण वाढ खुंटते. भुकटी घ्यावयाची तर करडांसाठीं दुधापासून केलेलीच घ्यावी. सोयाबीनची पहिल्या आठवड्यांत नीट पचत नाहीं.

निवडीइतकेंच महत्त्व स्थैर्यास आहे. आज गाईचें, उद्यां भुकटीचें, अशानें हगवण लागते. बदल अटळच झाला तर जुन्यांत नवें मिसळीत चार पांच दिवसांत करावा. दूध अंगाच्या उबेइतकें, सुमारें ३९ अंश, असावें. करडूं उभें असावें व मान किंचित् वर. तसें चोखतांना पोटांतील एक पन्हळ मिटून दूध थेट चौथ्या कप्प्यांत जातें, एरवीं पहिल्यांत सांचून आंबतें. आणि करडूं ओरडलें कीं बाटली पुढें करणें ही माया नव्हे. अतिपानानेंहि हगवण लागतेच.

चीक शीतकपाटांत गोठवून महिनोन्‌महिने ठेवतां येतो. शेळी व्यावयाच्या आधींच ही तजवीज असावी. करडूं जन्मल्यावर दारोदार शोधण्यास वेळ उरत नाहीं.