अंगचे गुण आणि अर्जातील रकाना



नाटक-चित्रपटांतील भूमिकेसाठी अर्ज करताना ‘विशेष कौशल्ये’ हा रकाना भरावा लागतो. आपली मुले तो संकोचाने रिकामा सोडतात किंवा अतिशयोक्तीने भरतात. दोन्ही घातकच. ‘घोडेस्वारी’ लिहिणाऱ्यास प्रत्यक्ष घोड्यावर बसण्याची वेळ येते. तेथे फजिती झाली की त्याच्या खऱ्या गुणांवरचाही विश्वास उडतो. म्हणून, मागताक्षणी करून दाखवता येईल तेवढेच लिहावे. नुसते ‘गायन’ असे मोघम न लिहिता प्रकार कोणता, तालीम किती वर्षांची, हे नमूद करावे.

आपल्या रंगभूमीने अंगच्या गुणांची कदर पूर्वापार केली आहे. नारायण राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले ते गोड गळ्याच्या बळावर, तेच बालगंधर्व. १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील मानवी भिंत नाचत्या-गात्या नटांवाचून उभीच राहिली नसती.

रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी ‘नाचा’तील ग्रामीण नटांना त्यांच्याच छत्तीसगढी बोलीत बोलू दिले. त्या बोलीतील ‘चरणदास चोर’ १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात गौरवले गेले.

सिलतऱ्यात वाढलेल्या आपल्या मुलांना वाटते, की आपली मराठी पुण्याची नाही, हे वैगुण्य होय. मुलांनो, घरात मराठी, शाळेत हिंदी आणि अंगणात छत्तीसगढी सहज बोलणारा नट पुण्यात सहसा सापडावयाचा नाही. ज्याची लाज बाळगता, तेच त्या रकान्यात पहिल्या ओळीवर लिहा. आणि घरची मराठी मात्र जपा, नाहीतर ती ओळ खोटी ठरेल.