राहून गेलेली दिवाळी
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



एका जुन्या संगणकाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु आमच्या घरातील एक राहून गेलेली गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

नोकरीनिमित्त आम्ही होसकोट्यास आलो. थोरले बंधू पुण्यातच राहिले. १९८९ च्या दिवाळीत त्यांनी फराळाच्या डब्याबरोबर एक कॅसेट धाडली. टेपरेकॉर्डरवर लावली, तर नुसती कर्कश किरकिर! बंधूंनी आपल्या ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ संगणकावर लिहिलेली आज्ञावली तीत होती. आमच्यापाशी संगणक नव्हता. ‘पुण्यास येऊ तेव्हा पाहू,’ असे आम्ही कळविले आणि ते राहूनच गेले. पुढे बंधू गेले, त्यांचा संगणकही गेला. कॅसेट तेवढी आमच्या ट्रंकेत उरली.

हा संगणक मूळचा इंग्लंडातील सिंक्लेअर कंपनीचा. १९८२ साली निघालेल्या स्पेक्ट्रमची सुधारित आवृत्ती १९८४ साली आली. आपल्याकडे ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने विकली. स्मृती अवघी ४८ किलोबाइट, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीस साधा टेपरेकॉर्डर.

गेल्या वर्षी तसाच एक संगणक आम्हांस वापरलेला मिळाला. बंधूंचे चिरंजीव म्हणाले, “काका, एवढा खटाटोप कशाला? नव्या संगणकावर जुन्याची नक्कल चालते.” त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांच्याच आग्रहावरून कॅसेटमधील आवाज आम्ही प्रथम नव्या संगणकावर उतरवून घेतला. परंतु बंधूंनी ज्या यंत्रासाठी लिहिले त्यानेच ते वाचावे, हा आमचा हट्ट होता.

बदलले ते आवश्यक तेवढेच. वाळलेले कपॅसिटर काढून एस. पी. रोडवरून आणलेले नवे डाखले. कळांखालचा प्लॅस्टिकचा पडदा ठिसूळ होऊन तुटला होता. तो नवा घातला. चित्र पूर्वी अँटेनाच्या वाटेने टीव्हीत जाई; ते थेट व्हिडिओच्या तारेने नेले. वीजपुरवठ्याच्या पिनेचा मधला भाग या यंत्रात ऋण असतो. भलताच अडॅप्टर लावला तर यंत्र जळते. म्हणून मीटरने दोनदा तपासले.

तरीही कॅसेट वाचली जाईना. अखेर टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू किंचित फिरविला. पडद्याच्या कडेने तांबडे-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागले.

या यंत्रात रोमन अक्षरेच असतात. मात्र आठ बाय आठ ठिपक्यांची एकवीस चिन्हे आपल्या मनाने घडविता येतात. त्या एकवीस चौकोनांतून बंधूंनी ‘शुभ दीपावली’ उभे केले होते. वेलांटी वाकडी, उकार तुटका. खाली स्वतःचे नाव रोमनमध्ये. चौकोन संपले असावेत.

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “काका, पुन्हा एकदा लावता?”

आपणां सर्वांच्या ट्रंकेतही अशा कॅसेटी असतील. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या बारशाचा गलबला. फिती कोणासाठी थांबत नाहीत. त्या या दिवाळीपूर्वीच उतरवून घ्याव्यात, एवढीच विनंती. ‘पुढे पाहू’ म्हणण्याची चूक आम्ही एकदा केली आहे.