पाण्याची वाट



यार्देन नदीचे नाव आपल्या मुलांस तोंडपाठ आहे. परंतु आपल्याच अंगणातील पावसाचे पाणी कोणत्या वाटेने समुद्रास मिळते, हे त्यांस ठाऊक नाही. सबब गेल्या पावसाळ्याअखेर काही रविवारी आम्ही त्यांस घेऊन पायी निघालो. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर व पश्चिमेस समुद्र, अशी आपल्या वसईची चतुःसीमा त्यांस दाखविली. डोंगराच्या पायथ्याशी एका वारली आजीने उन्हाळ्यात न आटणारा झरा दाखविला. अर्नाळ्याच्या कोळी बांधवांनी भरती-ओहोटीचे गणित समजाविले. ज्यांस आपण अशिक्षित म्हणतो, तेच आमचे गुरू झाले.

परतताना वाडीतील एका बुजलेल्या बावखलापाशी एका मुलीने विचारले, "फादर, हे कोणी बुजविले?" आमची मान खाली गेली. ह्याच बावखलांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसाचे पाणी साठवून वाड्या व विहिरी जगविल्या. आणि त्यांत भराव घालणाऱ्यांत आपणही होतो. २०१८ च्या जुलैत घरोघरी पाणी का तुंबले, ह्याचे एक उत्तर तेथेच होते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीस आपणा सर्वांचे सामायिक घर म्हटले. आपले घर आपणच फिरून पाहावे लागते. म्हणून आमचे मागणे एवढेच: उरलेली बावखले राखा, आणि वर्षातून एक दिवस तरी मुलांबरोबर पाण्याच्या वाटेने चाला. परमेश्वर आपणांस तशी सुबुद्धी देवो.