दारातला परका



महोत्सवाच्या सभेत न्यासाने काय काय केले ते सांगावे, अशी रीत आहे. शिष्यवृत्त्या, औषधांची मदत, नाताळातील धान्यवाटप यांचा हिशेब चिटणीसांनी अहवालात मांडला आहे आणि तो चोख आहे. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते आपल्या या वडोदऱ्यात एका ख्रिस्ती घरी ज्याला आसरा मिळाला नाही, अशा एका माणसाविषयी.

1917 चा सप्टेंबर महिना. अमेरिकेत व विलायतेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी येथे आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते परदेशी शिकले होते आणि शिक्षणानंतर संस्थानची चाकरी करण्याचा त्यांचा करार होता. कचेरीत खुर्ची मिळाली. गावात राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेत, पारशी नाव लावून, रोजच्या दीड रुपयावर त्यांनी एक खोली घेतली. विजेचा दिवा नव्हता, सोबतीला दुसरा उतारू नव्हता. असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या तयारीत असता, हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद देऊन गेले.

ही हकीकत आमच्या पदरची नव्हे. बाबासाहेबांनी ती पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती 1990 साली पुस्तिकारूपाने निघाली. पारशांच्या काठ्यांचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच दिवशी दुपारी पुढे काय घडले, ते आपल्या मंडळीत फारसे कोणी बोलत नाही.

अमेरिकेतल्या ओळखीचे त्यांचे दोन मित्र गावात होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्र हळहळला, संतापलाही. पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याच्या तोंडून गेले. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. याच मित्राने पूर्वी एकदा आपण होऊन राहावयास बोलावले होते, हे येथे ध्यानात घ्यावे. त्या वेळी आंबेडकरांनी नको म्हटले होते. आता गरज पडून ते स्वतः दारी आले, तर उत्तर मिळाले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. नवराबायको मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर नवऱ्याचे विचार मोकळे झाले, बायकोचे सोवळे सुटले नाही, असे त्यांना मागाहून कळले.

दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला आणि पोरक्या मुलाला व्हावी तशी त्यांना आईवडिलांची आठवण होत राहिली. बागेतील त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

त्या घरी कोणी काठी उगारली नाही, अपशब्द काढला नाही. विचारून सांगतो, एवढेच. आम्हांला त्या काठ्यांपेक्षा हे सौजन्य अधिक झोंबते, कारण ती भाषा आपली आहे. आणि त्या बाईंचे उत्तर आपल्याला कधी ऐकूच येत नाही. त्यांच्या वतीने ते आधीच ठरले होते. लक्ष्मीबाई टिळकही अशाच सोवळ्यात वाढलेल्या. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्या कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या, एकत्र आल्यावरही विटाळ पाळीत होत्या. तो कसा गळून पडला, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त स्वतःलाच हसत हसत सांगितले आहे. बडोद्याच्या त्या बाईंनाही दुसऱ्या दिवशी कोणी नीट विचारले असते, तर काय झाले असते, कोण जाणे!

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ब्राह्मण विधवांचे सोवळे सांभाळले जाई. पण छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1900 साली, रमाबाईंनी आपल्या या गुजरातेतून उपाशी मुली केडगावला नेल्या, तेव्हा जात विचारली नाही. स्वतः त्यांचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेलेले. भुकेला चिठ्ठी लागत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

चिठ्ठी म्हटल्यावर आता आपल्या घरचे बोलू. न्यासाच्या आवारात उतारूंसाठी दोन खोल्या आहेत. सभासदाची शिफारसचिठ्ठी असल्याखेरीज त्या द्यावयाच्या नाहीत, असा नियम आहे. तो करताना आम्हीही हात वर केला होता. गेल्या पावसाळ्यात छोटाउदेपूरकडचा एक राठवा तरुण आईला दवाखान्यात ठेवून रात्री आपल्या फाटकाशी आला. अंगावर भिजलेले कपडे, हातात दवाखान्याचा कागद. बरोबर धाकटी बहीण होती. खोल्या दोन्ही रिकाम्या होत्या. त्या दिवशी किल्ल्या आमच्याकडे होत्या. आम्ही त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणालो, मंगळवारी समिती बसते, विचारून सांगतो. तो बरे म्हणून बहिणीला घेऊन गेला. रात्र कोठे काढली, ठाऊक नाही. मंगळवारी तो आला नाही.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत घेऊन गेला आणि दोन नाणी देऊन पुढच्या वाटेला लागला. उतारशाळेच्या मालकाने कोणाची ओळख मागितल्याचे लिहिलेले नाही. खोलीतली भांडी जातील, कोणी आठ दिवस हलणार नाही, पोलीस विचारतील, या शंका खऱ्या आहेत. आम्हीही त्या काढल्या होत्या. भांडी गेली तर नवी घेता येतील. रात्रीपुरती नोंद ठेवता येईल, आणि पहारेकऱ्याची बिदागी वाढवावी लागेल.

नियमातून चिठ्ठीची अट काढावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. सूचक म्हणून आम्ही सही केली आहे. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे. कागद चिटणीसांच्या मेजावर आहे.