न झाडलेल्या गोळ्यांचा इतिहास



साम्राज्यशाहीने केलेल्या हत्याकांडांची आठवण निघाली की जालियनवाला बागेचे नाव प्रथम ओठी येते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु 23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात जे घडले, त्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. अमृतसरला गोळ्या झाडणारे होते. पेशावरला त्या झाडण्यास नकार देणारेही होते. मृतांना चळवळीने हुतात्मे मानले. नकार देणाऱ्यांचे काय करावे, हे मात्र तिला नीटसे उमगले नाही.

मिठाचा सत्याग्रह देशभर पेटलेला होता. खान अब्दुल गफार खान यांनी 1929 साली उभारलेली खुदाई खिदमतगार संघटना सरहद्द प्रांतातील खेड्याखेड्यांत पोचली होती. पठाण म्हणजे बंदूक आणि सूड, हे समीकरण इंग्रज अंमलदारांना सोयीचे होते; त्याच्याच आधारे त्या प्रांतावर इतरत्र नसलेले कठोर कायदे लादता येत. निःशस्त्र राहण्याची शपथ घेतलेला पठाण त्यांच्या कोणत्याच हिशेबात बसेना.

त्या दिवशी गफार खानांना अटक झाली. पेशावर शहरातही काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. दोघांना घेऊन जाणारी गाडी वाटेत पंक्चर झाली, तेव्हा त्यांनी आपण होऊन पोलीसचौकीवर हजर होण्याचे कबूल केले आणि जमाव घोषणा देत त्यांच्याबरोबर काबुली दरवाजापर्यंत गेला. तेथे चिलखती गाड्या भरधाव गर्दीत घुसल्या व माणसे चिरडली गेली. संतापाच्या भरात एक गाडी पेटवली गेली, एक इंग्रज मोटारसायकलस्वार मारला गेला. हे लपविण्याचे कारण नाही. पण त्यानंतर लोकांनी, आमची प्रेते आम्हांला उचलू द्या आणि सैन्य मागे घ्या, म्हणजे आम्ही परत जातो, असे सांगितले होते. अधिकाऱ्यांनी ते नाकारले. पुढे गोळीबार झाला आणि तो थांबून थांबून चालू राहिला. सरकारने मृतांचा आकडा तीसच्या आसपास सांगितला. पेशावरचे लोक तो शेकड्यांत मोजतात. विठ्ठलभाई पटेलांच्या चौकशी समितीला प्रांतात पाऊल टाकू दिले नाही, आणि तिच्या अहवालावर बंदी घातली गेली.

रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीतील शिपायांनी निःशस्त्र लोकांवर शस्त्र चालविण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी शहरात जाण्याचा हुकूमही त्यांनी मानला नाही. शिपाई हिंदू, समोरचा जमाव बव्हंशी मुसलमान. या भेदावर विसंबलेल्या राज्यकर्त्यांना हा धक्का फार मोठा होता. सरकारने सैन्य मागे घेतले आणि जवळजवळ दहा दिवस पेशावर शहर इंग्रजांच्या ताब्याबाहेर राहिले. (मे महिन्यात सोलापूरच्या गिरणी कामगारांनीही राजसत्तेला असेच काही दिवस हतबल केले, आणि त्याची किंमत लष्करी कायद्याने व चार फाशींनी मोजली.) लष्करी न्यायालयापुढे गढवालींचा बचाव बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी केला. हवालदार मेजर चंद्रसिंग यांना जन्मठेप झाली, त्यांच्या साथीदारांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा.

मार्च 1931 मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रही कैदी सुटले. परंतु हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या शिपायांना व पोलिसांना ही माफी लागू नाही, असे त्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे. अहिंसेच्या लढ्यात ज्यांनी प्रत्यक्ष बंदूक खाली ठेवली, तेच तुरुंगात राहिले! पुढे 1932 साली एका फ्रेंच पत्रात छापून आलेल्या मुलाखतीत गांधींनी आपली भूमिका सांगितली. तिचा आशय असा की, शिपायाने घेतलेली शपथ मोडू नये. आज त्याला अवज्ञा शिकविली, तर उद्या आपल्या हाती राज्य आल्यावर तो तेच करील.

या उत्तरावर डाव्यांनी पुष्कळ टीका केली आहे आणि ती अयोग्य नाही. तथापि त्यातील प्रांजळपणा दृष्टिआड करता कामा नये. सत्ता येण्यापूर्वीच सत्तेची गरज ओळखून बोलणारे पुढारी त्या काळी थोडे होते. इतरांनी तीच गोष्ट मनात ठेवली: इंग्रज जावा, पण त्याचा आज्ञाधारक शिपाई राहावा.

तो राहिलाच. 12 ऑगस्ट 1948 रोजी पेशावरपासून थोड्याच अंतरावर, चारसद्द्याजवळ बाबडा येथे खुदाई खिदमतगारांच्या मोर्चावर पुन्हा गोळीबार झाला. खुदाई खिदमतगारांच्या मते मृतांची संख्या सहाशेच्या घरात होती. या वेळी राज्य पाकिस्तानचे होते. प्रांताचे मुख्यमंत्री अब्दुल कय्यूम खान हे फाळणीपूर्वी मध्यवर्ती विधिमंडळात काँग्रेस पक्षाचे उपनेते होते आणि गफार खानांचे प्रशंसक म्हणून ओळखले जात. साम्राज्य गेले, धर्माच्या नावाने नवे राष्ट्र झाले, मुख्यमंत्रीही पठाणच होता; निःशस्त्र माणसावर गोळी घालण्याचा हुकूम तेवढा जुना राहिला.

चंद्रसिंग गढवाली 1941 मध्ये सुटले. सुटल्यावर ते काही काळ गांधींच्या आश्रमात राहिले, ज्यांनी त्यांच्या अवज्ञेला मान्यता दिली नव्हती त्यांच्याच सहवासात. पुढल्याच वर्षी ‘चले जाव’च्या लढ्यात उतरून ते पुन्हा तुरुंगात गेले.